‘रूथ’ म्हणजे काय?

फराळाची ताटली जवळ ठेवून दिवाळी अंक उघडणाऱ्या वाचकापुढे ‘निर्दय’ ह्या अर्थाचा शब्द घेऊन उभे राहावे, हे सणासुदीला शोभत नाही, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य आहे. परंतु दिवाळीला जुन्या वह्या मिटवाव्यात आणि नव्या वह्यांची पूजा करावी, ही आपल्याकडची रीत आहे. आणि माझ्या वहीत एका शब्दाचे देणे पन्नासाहून अधिक वर्षे थकलेले आहे. ते ज्याला द्यावयाचे तो कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. तेव्हा वाचकांना साक्षी ठेवून ते येथेच फेडावे म्हणतो.

१९६९ च्या जून महिन्यात मी पालघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवावयास लागलो. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा व्हावयास १ ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. पदवी नुकतीच पदरात पडली होती, कोटाला नवी इस्त्री होती, आणि इंग्रजी भाषेत आपल्याला न येणारे फारसे काही उरलेले नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तरुण मास्तरला एवढा अहंकार परवडतो. तो परवडत नाही विद्यार्थ्यांना.

नववीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. बोईसरहून गाडीने येई. त्या दिवसांत तारापूरला अणुवीजकेंद्राचे काम चालू होते. देशातले ते पहिलेच अणुवीजकेंद्र. त्यामुळे लांबलांबचे मजूर, गवंडी, सुतार, जोडारी तेथे येऊन राहिले होते. ह्या मुलाचा बापही त्यांतलाच. मुलगा काळासावळा, शांत, आणि वहीची पाने जपून वापरणारा. त्याचे नाव येथे लिहीत नाही. लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

तारीख मला पक्की आठवते, कारण ती १३ ऑगस्ट होती. पालघरात १४ ऑगस्टची तारीख कोणाला सांगावी लागत नाही. १९४२ साली त्या दिवशी कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी व मोरे असे पाच जण हुतात्मे झाले. मी शिकवावयास लागलो तेव्हा त्या गोष्टीला अवघी सत्तावीस वर्षे झाली होती. त्या मोर्च्यात चाललेली माणसे आमच्या विद्यार्थ्यांचे बाप, चुलते, मामा होती. म्हणून आदल्या दिवशी मी वर्गाला त्या प्रसंगावर इंग्रजीत दहा ओळी लिहावयास सांगितल्या, आणि अडतील असे शब्द फळ्यावर लिहून दिले. त्यांत निःशस्त्र लोकांवरच्या गोळीबाराला लावण्यासाठी एक विशेषण होते : ‘रूथलेस’. त्यापुढे मी मराठी अर्थ लिहिला, ‘निर्दय, निर्घृण’.

मागच्या बाकावरून हात वर झाला.

“सर, वायरलेस म्हणजे तार नसलेला. यूसलेस म्हणजे उपयोग नसलेला. मग रूथलेस म्हणजे रूथ नसलेला. तर रूथ म्हणजे काय?”

आज हा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी त्याला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवीन. एखाद्या भाषापंडिताने विचारावा असा तो प्रश्न होता. पण त्या दिवशी त्याचे उत्तर मला येत नव्हते, आणि ते येत नाही असे म्हणण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. मी म्हणालो, “असा शब्द इंग्रजीत नाही. रूथ हे बाईचे नाव आहे. का रे, तुझी कोणी रूथ हरवली आहे काय?”

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा वर्ग. हशा किती पिकला असेल ते सांगावयास नको. मुलगा खाली बसला. त्या दिवसापासून वर्गातली पोरे त्याला ‘रूथलेस’ म्हणू लागली, आणि त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीतला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. ‘रूथ’ तेथे होता! जुना, वापरातून गेलेला शब्द म्हणून खूण केलेला. अर्थ दिला होता, दया, अनुकंपा. म्हणजे मुलगा बरोबर होता आणि मी चूक होतो. हे मला त्याच दिवशी, तासाभरात कळले. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन दोन वाक्ये बोलली असती तर गोष्ट तेथेच मिटली असती. मी ती बोललो नाही.

कोश मिटता मिटता, मुलाचे नाव न काढता, हा प्रश्न मी माझाच म्हणून आमच्या शास्त्रीबुवांपुढे टाकला. ते संस्कृत शिकवीत. तंबाखूची डबी बंद करीत ते म्हणाले, “अहो, इंग्रजांचे काय घेऊन बसलात? तुम्ही फळ्यावर ‘निर्घृण’ लिहून आलात ना? मग सांगा पाहू, ‘घृणा’ म्हणजे काय?”

“किळस, तिटकारा,” मी म्हणालो.

“मग निर्घृण म्हणजे ज्याला कशाचीही किळस येत नाही असा. म्हणजे संतच की तो! खुनी माणसाला का म्हणता?”

मी गप्प बसलो. त्या एका दिवसात ही माझी दुसरी फजिती. मग शास्त्रीबुवांनी सांगितले ते असे. अमरकोशात करुणा, कृपा, दया, अनुकंपा ह्या शब्दांच्या पंक्तीलाच ‘घृणा’ बसलेली आहे. संस्कृतात तिचा एक अर्थ करुणा, दुसरा जुगुप्सा. वेदांत ‘घृण’ म्हणजे उष्णता, ऊन. त्यावरून घृणा म्हणजे दुसऱ्यासाठी मनाला येणारी ऊब. ‘घर्म’ हा शब्द त्याच गोतातला. त्याचाच आपला मराठी ‘घाम’ झाला. आणि आज आपण हेही सांगू शकतो की ताप पाहावयाच्या थर्मामीटरातला ग्रीक ‘थर्म’ त्या घर्माचा सख्खा चुलतभाऊ आहे. मराठीपर्यंत येता येता घृणेतली ऊब निवाली आणि उरला तो नुसता तिटकारा. पण ‘निर्घृण’ मात्र जुन्या अर्थाला चिकटून राहिला. ज्याच्या काळजात ऊब नाही, तो निर्घृण.

वाचकहो, दोन भाषांत घडलेली ही गंमत पाहा. इंग्रजीत ‘रूथ’ गेली आणि ‘रूथलेस’ राहिला. मराठीत दयेच्या अर्थाची ‘घृणा’ गेली आणि ‘निर्घृण’ राहिला. घरातली बाई निघून गेली आणि ती नसल्याची पाटी तेवढी दारावर लटकत राहिली, तसा हा प्रकार.

पुढे मला ह्या शब्दाचा नादच लागला. अपराध्याला आपल्या अपराधाच्या जागेचा लागतो, तसा. जमेल तसे वाचीत गेलो, त्याचे सार सांगतो.

जुन्या इंग्रजीत ‘ह्रेओवन’ असे क्रियापद होते. मनाला टोचणे, दुःख होणे, पश्चात्ताप होणे, असा त्याचा अर्थ. त्याचे पुढे ‘रू’ झाले. ते आजही जिवंत आहे. केल्या गोष्टीचा पस्तावा करणे म्हणजे ‘रू’ करणे. ‘ट्रू’पासून ‘ट्रूथ’ व्हावा, त्याच धाटणीने ‘रू’पासून साधारण आठशे वर्षांपूर्वी ‘रूथ’ झाला. ‘लेस’ हा प्रत्यय मात्र ‘कमी’ ह्या अर्थाच्या ‘लेस’हून वेगळा, तो ‘सुटलेला, मोकळा’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला. म्हणून रूथलेस म्हणजे दया कमी असलेला नव्हे, तर दयेपासून पार सुटलेला. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आलेला दिसतो, आणि कवी चॉसरने तो वापरलेला आहे.

मग मूळ ‘रूथ’ला झाले काय? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि दरबारातून, न्यायालयातून, चर्चमधून फ्रेंच शब्द खाली उतरू लागले. दयेसाठी ‘पिटी’ आणि ‘मर्सी’ आले. सुलतानी अमदानीत आपल्याकडे फारसी शब्दांनी मराठी शब्दांना कोपऱ्यात बसवावे, तसे ह्या दोघांनी ‘रूथ’ला बसविले. तरीही ती बराच काळ कवितेत तग धरून होती. मिल्टनचा एक मित्र आयर्लंडला जाताना समुद्रात बुडाला. १६३७ साली त्याच्यावर लिहिलेल्या शोकगीतात मिल्टनने देवदूताला ‘रूथ’ने द्रवावयास सांगितले आहे. सातपाटी-मुरब्याच्या किनाऱ्यावर वाट पाहत बसलेल्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

बायबलातल्या रूथचा ह्या शब्दाशी काही संबंध नाही. ते हिब्रू नाव. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल कुटुंबांतही ते आढळते. पण ज्या रूथची मी थट्टा केली, तिची कथाही मी तोवर नीट वाचलेली नव्हती. नवरा वारल्यावर ही परदेशची सून सासूला सोडून माहेरी गेली नाही. तिच्याबरोबर तिच्या गावी आली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून तिने दोघींचे पोट भरले. शेताच्या मालकाने हे पाहिले आणि कापणाऱ्यांना सांगितले, की तिच्या वाटेत मूठमूठ कणसे मुद्दाम टाकीत जा. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे भाताची कापणी चालते. कापलेल्या खाचरातून सरवा वेचणाऱ्या बाया मी कितीदा पाहिल्या आहेत. शब्दकोश काहीही म्हणो, त्या मालकाने वाटेत टाकली ती ‘रूथ’च होती.

आणखी एक मौज सांगून पुढे जातो. आपला ‘क्रूर’ आणि इंग्रजांचा ‘क्रूएल’ ह्यांचे उच्चार सारखे वाटतात ते योगायोगाने नव्हे. दोघांचे मूळ कच्च्या, रक्ताळ मांसाच्या अर्थाशी जाऊन भिडते. इंग्रजीतला कच्चा ह्या अर्थाचा ‘रॉ’ही त्याच कुळातला. उलट ‘दया’ ज्या धातूपासून आली, त्याचा जुना अर्थ वाटून देणे. दया म्हणजे आपल्यातले काढून देणे. फराळाचे ताट शेजारी धाडावयाचे, ते उगाच नव्हे.

असो. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ‘रू’ ह्या एका धातूत दोन अर्थ एकत्र नांदत होते : दुसऱ्याच्या दुःखाने वाटणारे वाईट आणि स्वतःच्या कृत्याने वाटणारे वाईट. जर्मन भाषेत त्याच मुळाचा शब्द आजही केवळ पश्चात्तापासाठी वापरतात. म्हणजे जुन्या लोकांच्या लेखी दया आणि पस्तावा ह्या दोन वस्तू नव्हत्याच. तेव्हा ‘रूथलेस’ म्हणजे नुसता मारताना न कचरणारा नव्हे. मारून झाल्यावरही ज्याला काही वाटत नाही, तो.

हे मला पुस्तकातून पुढे कळले. परंतु त्याचा अनुभव त्याच साली, दिवाळीनंतर आला. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मागच्या बाकावरची ती जागा रिकामी होती. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरचे केंद्र रीतसर वीज देऊ लागले होते. बांधकाम आटोपले, तसे मजूर पांगले. एका रविवारी मी बोईसरला जाऊन चौकशी केली. झोपड्या मोडलेल्या, चुलींचे दगड तेवढे जागेवर. कोणी म्हणाले गुजरातेकडे गेले, कोणी म्हणाले दुसऱ्या कुठल्या धरणावर. परत फिरावेसे वाटेना, म्हणून मिळाली त्या एसटीने तारापूर गावात गेलो आणि खाडीजवळच्या जुन्या किल्ल्यापाशी जाऊन बसलो.

तो किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीआप्पांच्या फौजेने त्याला वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावून भगदाडे पाडली आणि आत उडी घेतली. लढाई अतिशय निकराची झाली; दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली. त्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा बाजीराव पेशव्यांचा जिवाभावाचा सरदार गोळी लागून ठार झाला. ती बातमी कळल्यावर बाजीरावांनी बाजीच्या आईला जे सांत्वनपत्र लिहिले, ते इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात विजयाचा तोरा नाही. गेला तो आमचा भाऊच गेला, आता त्याच्या जागी आम्हांला मुलगा समजा, असा त्याचा भाव आहे. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या घोड्यांच्या टापांनी हादरत होता, त्या पुरुषाने एका म्हातारीपुढे असे नमावे! तटाच्या आत पडलेल्यांच्याही आया कोठे तरी होत्याच, हे मला त्या दिवशी त्या पडक्या भिंतीकडे पाहताना प्रथम जाणवले. मुलांना लढाई शिकविताना ते कधी जाणवले नव्हते. पुढे त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई शरण आली, तेव्हा चिमाजीआप्पांनी तेथल्या शिबंदीला शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह सन्मानाने बाहेर पडू दिले. तीन महिने मराठ्यांनी त्या तटापुढे हजारो माणसे गमावली होती. सूड घ्यावयाचा तर कारण हाताशी होते. पण त्यांनी तह केला आणि तो पाळला.

युद्ध निर्दय असते, ह्यात संशय नाही. ते करणारा प्रत्येक माणूस रूथलेस असतोच असे मात्र नाही. फरक असतो तो नंतरच्या वागण्यात. तारापूरच्या रणानंतर पेशव्याने पत्र लिहिले. मी मात्र दोन वाक्ये बोललो नव्हतो. माझी लढाई केवढी, तर एका नववीच्या वर्गातली. माझा शत्रू कोण, तर एक प्रश्न विचारणारा मुलगा. आणि तरीही शब्दाच्या मुळातल्या अर्थाने त्या दिवशी त्या वर्गात जर कोणी रूथलेस असेल, तर तो मागच्या बाकावर बसलेला नव्हता. तो हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभा होता.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे शिकविले. शेवटपर्यंत एक नियम पाळला : उत्तर येत नसेल तर “मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो,” असे म्हणावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी न विसरता सांगावयाचे. कित्येक विद्यार्थी भेटतात तेव्हा माझ्या ह्या सवयीचे कौतुक करतात. ती मला कोणी लावली, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. आज सांगितले.

एक गोष्ट राहिली. ‘रूथ’ला मराठीत नेमका शब्द कोणता, ह्याचा मी बराच शोध केला. दया म्हणावे तर त्यात देणारा वर आणि घेणारा खाली असा भास होतो. कीव त्याहून वाईट. ती तर कोणालाच नको असते. कणव, कळवळा हे शब्द जवळ येतात. पण त्यांत पस्तावा नाही. शेवटी तो शब्द सापडला तो कोशात नव्हे, घरातच. माझी आई वारंवार वापरीत असे. शेजारचे मूल तापाने फणफणले की तिला हळहळ वाटे. आणि रागाच्या भरात मला धपाटा घातला की संध्याकाळी माझ्या ताटात तूप वाढताना तिला हळहळ वाटे. दुसऱ्यासाठीही हळहळच, आणि स्वतःच्या हातून घडल्याचीही हळहळच. दोन्हीला एकच शब्द. इंग्रजांनी जो गमावला, तो आपल्या आयांनी राखून ठेवला आहे.

तेव्हा मागच्या बाकावरच्या माझ्या मुला, तूही आता सत्तरीच्या आसपास असशील. कदाचित नातवंडांच्या हाताने लावलेल्या पणत्यांच्या उजेडात बसून हा अंक चाळत असशील, कदाचित नसशील. तुझा प्रश्न बरोबर होता. तसा शब्द इंग्रजीत आहे. ‘रूथ’ म्हणजे हळहळ. उत्तर द्यावयास मला उशीर झाला, ह्याची ती मला आहे.